वसुधाताई पुस्तकं मराठीत सांगायच्या

वसुधाताई गेल्या हे माझ्या लेकाने, निलेशने, मला किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीचं इंजिन बंद करून सांगितलं. मी "बरं" म्हटलं, उतरले आणि आत जाऊन कोथिंबीर निवडत बसले. जुडी पिशवीत घातली आणि मग तिथेच उभी राहिले... याला आता दीड महिना होईल.

मी सातवीत शाळा सोडलेली बाई. नातीला सांभाळायला म्हणून लेकाकडे अमेरिकेत, ट्रॉयला आले ती राहिलेच. वसुधाताई आमच्या मागच्या रस्त्याला राहायच्या, युनिव्हर्सिटीत शिकवायच्या. कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात, कशाने थकतात, हा त्यांचा विषय. औद्योगिक मानसशास्त्र म्हणतात म्हणे. एम.ए., पीएच.डी.च्या मुलांना काय वाचायला सांगायचं ते त्या दर उन्हाळ्यात नव्याने ठरवायच्या, आणि तेही आमच्या स्वयंपाकघरात. मी भाजी चिरायची आणि त्यांनी समोर बसून एकेक पुस्तक मला मराठीत सांगायचं. "इंग्रजीत शब्द आपोआप येतात हो, मला कळलंय की नाही ते मलाच कळत नाही," म्हणायच्या. मराठीत अडल्या की ते पुस्तक पुन्हा वाचायला बाजूला. मला याची धास्तीच वाटायची. मला कळलं नाही म्हणून एवढ्या शिकलेल्या माणसाचं पुस्तक मुलांच्या हाती पडायचं राहील, या भीतीने मी सगळ्याला हो हो करायचे. एकदा त्या मध्येच थांबल्या. "सुमनताई, कीर्तनाला बसल्यासारखी मान नका डोलावू. मी आत्ता काय म्हटलं?"

"नवीन साहेब आला की माणसं गप्प होतात."

"ते मागच्या आठवड्यातलं."

हसता हसता गॅसवरची भाजी लागली.

२००२ असावं, निलेशच्या ऑफिसात ले-ऑफ झाला. त्याच्या शेजारी बसणाऱ्या प्रसादची नोकरी गेली. नोकरीच्या व्हिसावरचा माणूस, बायको-मुलांना घेऊन थोड्याच दिवसांत नागपूरला परतला. निलेशची नोकरी राहिली. मी देवापुढे साखर ठेवली. पण लेक नीट जेवेना, बोलेना, घरी आला की गाडीतच बसून राहायचा. नोकरी टिकलीय तर हा असा का, ते सुनेलाही कळेना. अशातच एका दुपारी वसुधाताई नोकरकपातीवरचं एक जाडजूड पुस्तक सांगत होत्या. जे जातात त्यांचं दुःख दिसतं, पण जे मागे राहतात त्यांना आपण दुसऱ्याच्या जागेवर बसलोय असं वाटत राहतं, गेलेल्यांना साधा फोन करायचीही त्यांना हिंमत होत नाही... माझी सुरी थांबली. "हा आमचा निलेश," मी म्हटलं.

त्यांनी पुस्तक मिटलं आणि संध्याकाळी तो येईपर्यंत बसून राहिल्या. तो आत येताच विचारलं, "प्रसादला फोन केलास?"

"मावशी, प्लीज. माझी केस स्टडी करू नका."

"केस स्टडी शहाण्या माणसांची करतात. फोन केलास का?"

"काय बोलू? सॉरी म्हणू?"

"तिकडे सकाळ असेल. उठलास का, विचार. पुढचं तो बोलेल."

आम्ही दोघी मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने आतून निलेशचं हसणं ऐकू आलं, मग रडणं. मी वळले तर त्यांनी हात धरला. "डास मलाही चावतायत. पण आत जायचं नाही."

ते पुस्तक त्यांनी शेवटपर्यंत मुलांना वाचायला लावलं. आता त्यांची सगळी पुस्तकं विद्यार्थी येऊन घेऊन गेले, आमच्याकडे एकही नाही. असतं तरी इंग्रजी मला वाचताही आलं नसतं.

मागच्या आठवड्यात निलेशच्या ऑफिसात पुन्हा ले-ऑफ झाला. या वेळी यादीत त्याचंच नाव होतं. घराचा हप्ता, नातीचं कॉलेज, सगळं डोक्यात फिरतंय. थकलेय मी. वसुधाताई हव्या होत्या, एवढंच सारखं वाटत राहतं. त्या संध्याकाळी तो टेबलावरचं सामान एका खोक्यात भरून घरी आला, खोकं जिन्यापाशी ठेवलं आणि बूटही न काढता फोन लावला. मला वाटलं, दुसऱ्या नोकरीसाठी कुणाला तरी करतोय. फोन श्रीकांतला होता, त्याच्याच टीममधल्या, ज्याची नोकरी राहिली त्याला.

"अरे, मी ठीक आहे. तू जेवलास का?" निलेश म्हणाला. फोन कानाशी तसाच धरून खोक्याशेजारी पायरीवर टेकला आणि एका हाताने बूट काढायला लागला. मग हळूच म्हणाला, "बोल रे. मी कुठे जात नाहीये."