टेकाडावर हलवलेली वाट

माझ्या पहिल्या कादंबरीबद्दल एका समीक्षकाने लिहिलं होतं की, हे पुस्तक हातात धरून मावळात कुणालाही फिरता येईल. सत्काराच्या वेळी हे वाचून दाखवलं गेलं, तेव्हा मी शाल सावरत मान डोलावली. ते खरं नाही, हे सभागृहात फक्त मला माहीत होतं.

लोणावळ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात घरांपासून भाताच्या खाचरांकडे जाणारी वाट ओढ्याकाठून जायची. तिच्यावरून चिखल, करवंदीच्या जाळ्या आणि पुढच्या म्हशीची पाठ एवढंच दिसायचं. माझ्या नायिकेला मात्र घर सोडून जायचं होतं, आणि त्यासाठी तिला घाटाकडे निघालेली आगगाडी दिसणं भाग होतं. म्हणून मी वाट उचलून टेकाडावर नेऊन ठेवली. कुणाची परवानगी लागली नाही.

गेल्या वर्षी आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे चुलत चुलते, ऐंशीच्या घरातले. ओढ्याकाठची जमीन मुंबईच्या एका गृहस्थांनी घेतली, बंगला बांधला, कुंपण घातलं, आणि आबांची खाचराकडे जायची वाट बंद झाली. आबांनी तहसीलदारांकडे अर्ज केला होता. मंडल अधिकारी जागा पाहायला येणार होते, आणि जुनी वहिवाट सांगायला साक्षीदार हवा होता.

"गावात कुणी नाही का, आबा?"

"हायती की. पर निम्म्यांनी त्यालाच जमिनी इकल्यात. आन् तू बुकं लिवतोस. तुझं ऐकत्यात."

माझं कुणी ऐकतं, ही बातमी मला नवीन होती. ठरल्या दिवशी, आता मी राहतो त्या घोरावाडीहून सकाळची गाडी पकडून मी गेलो.

बंगलेवाल्यांचे वकील माझी कादंबरी घेऊन आले होते, पानोपानी रंगीत चिठ्ठ्या लावून. इतक्या बारकाईने वाचणारा वाचक मला आजवर भेटलेला नाही. त्यांनी टेकाडावरच्या वाटेचा परिच्छेद मोठ्याने वाचला.

"सर, हे तुमच्याच गावाचं वर्णन ना?"

"कादंबरी आहे ती. वाट मी तिकडे हलवली."

"म्हणजे गरज पडली की हलवता."

अधिकारी हसले. आबा हसले नाहीत.

"ते पुस्तक राहू द्या," अधिकारी मला म्हणाले. "तुम्ही स्वतः चाललाय ना त्या वाटेने? मग सांगा, ओढ्याच्या अलीकडून जायची की पलीकडून?"

सगळा प्रश्न तेवढाच होता. अलीकडे बंगल्याची जमीन, पलीकडे वनखात्याची. वाट अलीकडून असेल, तरच आबांना ती परत मिळणार होती.

समोर कातरलेली हिरवळ होती आणि ओढा सिमेंटच्या पाइपात गेला होता. मी आठवायचा प्रयत्न केला, आणि डोळ्यांपुढे आली ती टेकाडावरची वाट. तिच्यावरचा दगड न् दगड मला ठाऊक होता, कारण तो मीच ठेवला होता. चार वर्षं मी रोज तिच्यावरून चाललो होतो, टेबलाशी बसून. खालच्या वाटेवर दहावीनंतर पाऊलही टाकलं नव्हतं.

"आरं, हितनंच जायचास की म्हशीमागं!" आबा म्हणाले. "सांग त्यास्नी."

'अलीकडून' म्हणायला कितीसा वेळ लागतो? न घडलेल्या गोष्टी लिहून मी आयुष्यभर त्यांच्याखाली नाव घातलं आहे. नेमकं तिथेच मला खरं बोलावंसं वाटलं. "वाट खालून जायची, हे नक्की," मी म्हणालो. "कुठल्या बाजूने, ते मला आठवत नाही."

पंचनाम्यात तसंच उतरलं. मी सही केली. पुढे अर्ज फेटाळला गेला.

आता आबा आणि त्यांची सून भाताची रोपं डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्याने लांबचा वळसा घालतात, भुशी धरणावर भिजायला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेतून. यंदाच्या लावणीला मीही एक भारा घेतला. अर्ध्या रस्त्यात आबा दम खायला थांबले.

"फुडलं बुक लिवशील, तवा वाटा जागच्या हलवू नगंस."

"नाही हलवणार."

सध्या लिहीत असलेल्या कादंबरीत त्यांचं खाचर मी आधीच धरणापलीकडे नेलं होतं. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर आबा भारा उचलून दोन गाड्यांच्या मधून पुढे निघाले होते.