हसलं की गुडघे जातात

"थिनर हो, डॉक्टरीणबाई, दुसरं काय! वास डोक्यात चढतो आन माणूस कलंडतो. आमच्या धंद्यात हे चालायचंच."

"आणि पाण्यातला रंग लावता तेव्हा?"

"तेव्हाबी येते झोप."

"सुट्टीच्या दिवशी?"

डुलक्याच्या आधी त्याच्या बायकोनंच साक्ष दिली, "घास हातात आन घोरणं नाकात!"

डुलक्या घरं रंगवायचा. छत आणि भिंत जिथं भेटतात तिथली रेघ तो चिकटपट्टी न लावता, शिडीच्या टोकावर उभा राहून नुसत्या ब्रशानं ओढायचा. दोरी धरल्यासारखी सरळ. हाच त्याचा तोरा. वर्षभरापासून मात्र दिवसाढवळ्या झोपेचे झटके येऊ लागले आणि खरं नाव मागं पडून 'डुलक्या' चिकटलं. धंद्यातल्या सगळ्यांनी एकमुखानं थिनरला दोषी ठरवलं. मग यानं खिडक्या सताड उघडल्या, नाकाला फडकं बांधलं, ऑइलपेंटची कामं सोडली. पण झोप काय डब्यावरचं लेबल वाचून येत नव्हती.

त्यात साडू. दोघं जोडीनं कामं घ्यायचे आणि साडूच्या तोंडाला झाकण नव्हतं. परवा डुलक्या शिडीच्या खालच्या पायरीवर असताना तो खालून म्हणाला, "मालकीणबाई म्हणतात, असा पांढरा द्या की मळलेला दिसणार नाही. मी म्हटलं, मग काळा घ्या!" डुलक्या खदखदून हसला, गुडघे लोण्यासारखे झाले आणि गडी डब्यासकट खाली. साडू म्हणाला, "ऊठ, नाटकं पुरे." डुलक्याला सगळं ऐकू येत होतं, पण जबडा हलेना. मिनिटभरानं आपसूक उठला, तेव्हा साडूचंच तोंड पांढरं पडलं होतं.

"हसल्यावर गुडघे जातात का हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

डुलक्यानं बायकोकडं बघितलं. "तू सांगितलंस?"

"मी कशाला? मला तरी कुठं ठाऊक होतं!"

झोपेच्या तपासण्या झाल्या. पुढच्या खेपेला बाईंनी दोघांना बसवून घेतलं. "आजाराचं नाव नार्कोलेप्सी. मेंदूत खोलवर मूठभर पेशी असतात, त्यांचं काम जागेपण धरून ठेवायचं. तुमच्या त्या बहुतेक सगळ्या गेल्यात. स्वप्न पडताना अंग ढिलं पडतं, म्हणून आपण स्वप्नात पळालो तरी अंथरुणातच राहतो. राखण गेली की ते ढिलेपण दिवसा घुसतं, हसण्याचं निमित्त करून."

"म्हणजे मी जागा आन गुडघे झोपलेले!" डुलक्या पुढं सरकला. "पण पेशी मारल्या कुणी?"

"मागं कधी जोराचा ताप आला होता?"

"आला होता की," बायको म्हणाली. "दीड वर्षामागं थंडीत सगळं घर आडवं. त्यानंतर काही महिन्यांनी ह्यांचं सुरू झालं."

"मग हे असं असावं. अंगात रोगाशी लढणारं सैन्य असतं. ते तापाच्या विषाणूवर तुटून पडलं. त्या विषाणूचा एखादा तुकडा या पेशींमधल्या तुकड्यासारखा दिसत असावा. सैन्य फसलं आणि घरचीच माणसं कापून बसलं. खुणा बऱ्याच सापडल्यात, पण पुरतं शाबीत व्हायचंय."

"ट्यूबलाइटखाली शेड जुळवल्यागत झालं हे! हस्तिदंती आन सायीचा रंग तिथं एकच दिसतो. उन्हात बघावं तर अर्धी भिंत वेगळी."

"जवळपास तसंच. फक्त ही भिंत पुन्हा रंगवता येत नाही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत."

डुलक्याचा चेहरा उतरला. बायकोचं मात्र समाधान झालं नव्हतं. "ताप मलाबी होता, सासूबाईंनाबी. मग ह्यांनाच का?"

बाई खुर्चीत सावरून बसल्या. "काही जणांच्या अंगात जन्मापासून एक खूण असते, तिच्यामुळं सैन्य फसायचा धोका वाढतो. पण ती खूण असलेली ढीगभर माणसं ठणठणीत असतात. नुसती खूण पुरत नाही, नुसता तापही पुरत नाही. आणखी काय लागतं, ते आम्हीही शोधतोय."

"सापडलं तर कळवा," डुलक्या म्हणाला. मग खाली बघत विचारलं, "शिडी?"

"सध्या नाही. गोळ्या घ्या, दुपारी ठरवून झोप काढा. आटोक्यात आलं तर पुढचं पुढं बघू."

दुसऱ्या दिवशी रिकाम्या खोलीत साडू शिडीवर चढला आणि छताची रेघ ओढू लागला. डुलक्या खालून बघत होता. रेघ नागमोडी चालली होती.

"ब्रश आडवा धर! आन श्वास सोडत ओढ!"

साडूनं पुसून पुन्हा ओढली. बरी आली. पण तोंडातून अवाक्षर नाही. सकाळपासून त्यानं एक विनोद केला नव्हता.

"काय रे, मौनव्रत?"

"तुझी बायको म्हणाली, हसवलंस तर याद राख."

डुलक्यानं भिंतीच्या पायथ्याशी जुनी चादर पसरली, तिच्यावर मांडी ठोकली आणि ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"आता पडलो तरी वीतभर. बोल, मालकीणबाई आज काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुमचा तो माणूस कामावर झोपतो. मी म्हटलं, बाई, झोपेची मजुरी निराळी लावत नाही, ती फुकट!"

डुलक्या हसला. मान लुळी पडली, खांदे गळाले, गडी चादरीवर आडवा झाला. साडू शिडीवरून अर्धा उतरला.

"चढ वर," खालून उशिरानं, जड जिभेनं आवाज आला. "रंग वाळतोय."

मग डुलक्या उठून बसला, ब्रश डब्याच्या काठावर निथळवला आणि भिंतीच्या तळाची पट्टी ओढायला घेतली.