राखेतला घेवडा

ये, अशी जवळ सरक बघू. कागदावर का होईना, माझ्या शेजारी बसलीस असं समजूनच लिहिते मी. पुण्याला गेल्यापासून तुझा एक पाय कायम उंबऱ्याबाहेर. दिवाळीला आलीस तेव्हा चहासुद्धा उभ्यानं प्यालीस. आणि परवा फोनवर म्हणतेस काय, तर "आई, घेवड्याचं बी कुरिअरनं पाठव की, बाल्कनीत लावते." काय म्हणावं गं तुला! रागावले नाही मी. पण तेव्हापासून जिवाला स्वस्थपणा नाही. दिवसातनं तीनदा डबा उघडते, राखेत बोट घालून बी चाचपते, झाकण लावते. भाजी निवडायला बसते आणि परत उठून बघून येते. म्हणून म्हटलं, सगळं सांगून टाकावं एकदा. तू तेव्हा लहान होतीस, तुला एसटी लागायची एवढंच आठवत असेल.

नेसरीजवळच्या आपल्या गावी, घरामागच्या परड्यात हा घेवडा गोठ्याच्या भिंतीला चढायचा. शेंग हिरवी, काठ जांभळा, आतलं बी काळं कुळकुळीत आणि त्याच्या कडेला पांढरी रेघ. थंडी पडली की गोठ्याचं कौल दिसायचं नाही, इतका लागायचा. माझ्या सासूबाईंनी हे बी माहेराहून ओटीत आणलं होतं. आम्ही दोघी जावा त्यांना आत्ती म्हणायचो. आत्ती शेंगा बाजारात विकायच्या, पण बी कधी विकलं नाही. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, पण मागणाऱ्यानं स्वतः यायचं, पदर पसरायचा, अशी त्यांची रीत. उरलेलं बी चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळून वाळक्या भोपळ्यात भरायचं आणि तोंड शेणानं लिंपायचं. पुढच्या मृगापर्यंत किडा शिवत नसे.

डोळे मिटायच्या आधी आत्तींनी तो भोपळा माझ्या हातात दिला. थोरली जाऊ तिथंच उभी होती, तिला डावलून मला. मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं.

पुढं तुझ्या बाबांना शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत काम लागलं आणि आपण कोल्हापूरला निघालो. सामान बांधत होते तर जाऊ आली. तिनं पदर पसरला. मी आत गेले, भोपळा उघडला, आणि काय केलं माहीत आहे? किडकं, सुरकुतलेलं, भोक पडलेलं तेवढं वेचून काढलं आणि मूठभर तिच्या पदरात टाकलं. तिनं एकदा बघितलं, गाठ मारली आणि गेली. तू दारात बाहुली घेऊन बसली होतीस.

शिरोलीच्या खोलीत गॅस होता. पहिल्या दिवशी मी निळ्या जाळाकडं बघतच बसले, चूल फुंकायची नाही म्हणून काय तो आनंद! घरामागं कंपाउंडच्या भिंतीपर्यंत चार हात जागा होती, तिथं घेवडा लावला. मातीवर फौंड्रीची काळी धूळ बसायची, पानं रोज धुवायची, तरी वेल आला. थंडीत बी धरलं. आता ते ठेवायचं तर राख पाहिजे. गॅसची राख कुठनं आणणार? मी तुझ्या बाबांना म्हटलं, तुमच्या भट्टीजवळ ढीग असतात की, त्यातली आणा पिशवीभर. ते म्हणाले, "अगं, ती कोळशाची हाय." म्हटलं, राख ती राख. चाळली, बी घोळलं, डालडाच्या डब्यात गच्च दाबून भरलं. ती राख पाणी मारून विझवलेली, आतनं ओली, हे मला कुठं ठाऊक?

मृगाला डबा उघडला तर आंबूस वास. आत विटेगत गोळा. फोडून फोडून बी काढलं, तसंच पेरलं. रोज सकाळी बोटानं माती उकरून बघायची. तू म्हणायचीस, आई, उकरल्यावर ते उगवेल कसं? पंधरा दिवस गेले, एक कोंब नाही. जेवण गोड लागेना. आत्तींनी एवढी वर्षं सांभाळलेलं बी मी एका पावसाळ्यात संपवलं. शेवटी तुला काखेत मारलं, गडहिंग्लजची एसटी धरली, तिथनं दुसरी.

जाऊ परड्यातच होती. गोठ्याच्या पायाशी घेवड्याची रोपं हातभर वर आलेली.

"आलीस व्हय? वाट चुकलीस?"

"बी मागाय आलीय, अक्का."

"कोल्हापुरात शेंगा मिळंनात व्हय?"

"शेंगा मिळत्यात. ह्यो मिळंना. माझं बी गेलं सगळं."

भट्टीच्या राखेचं सांगितलं तशी ती हसत सुटली. "फौंड्रीच्या राखंत? अगं, आता नटबोल्ट लागतील बघ येलाला!"

मलाही हसू आलं, आणि हसता हसताच रडू. म्हटलं, "अक्का, मी तुमास्नी दिल्यालं बी..."

"निवडून दिलतंस. कळलं की मला. आंधळी हाय काय मी?"

"मग तवा बोलला का न्हाईसा?"

"बोलले असते तर ते बी काढून घेतलं असतंस तू! दोन येल आले त्यातनं. दोनच. शेरडं खातील म्हणून बाभळीचं काटं लावून राखण करत बसले हुते."

मग तिनं आपला बियाचा भोपळा आणला, माझ्यासमोर सुपात ओतला आणि एकेक टपोरा दाणा वेचायला लागली. सुरकुतलेलं आपल्याकडं, टपोरं माझ्याकडं. मला तिथं बसवेना आणि उठवेना. "पसर पदर," म्हणाली.

परतीच्या एसटीत तू ओकलीस तेव्हा मी पदराची गाठ सोडली नाही, शेजारच्या बाईनं तुला धरलं. त्याचा राग अजून असेल तर सांग, ऐकून घेईन.

त्यानंतर राख मी पलीकडच्या आळीतल्या एका घरातनं आणते, तिथं अजून लाकडावर पाण्याचा बंब पेटतो. पण जाऊ गेली, परडं मोडून पुतण्यानं भिंतीपर्यंत ऊस लावला. गावात विचारलं, कुणाकडं हा घेवडा नाही. यंदा माझा हात वर पोचेना, उंचावरच्या शेंगा तशाच गळून कुजल्या. डब्यात ओंजळभर बी आहे तेवढंच. सगळं टपोरं तुझ्यासाठी वेचून ठेवलंय, सुरकुतलेलं मी लावेन.

पण पाकिटात घालून पाठवायला हात होत नाही गं. तू मृगाच्या आत ये. ड्रेस घालून आलीस तरी चालेल, ओढणी तेवढी मोठी आण. आणि चहा बसून प्यायचा. या रविवारीच ये की.