तिसऱ्याला पाय नव्हते

कॅमेऱ्याचं शटर उघडं होतं, तेवढ्यात पहिली गार टिनावर आदळली. मागून दुसरी, तिसरी, आणि मग ट्रॉलीभर गिट्टी कोणी छपरावर उलटवावी तसा आवाज सुरू झाला.

आमचे हे बाजूला उभे होते, कॅमेऱ्यावर छत्री धरून. "अवो, चाल ना घरी! काऊन जीव देऊन राहिली त्या फोटोसाठी?"

"शटर बंद होईस्तोवर हलू नका," मी खेकसले.

गोंदियात माझा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, सगळं करते. विजेचा नाद तेवढा माझा स्वतःचा. आम्ही शहराच्या कडेला, मुर्रीत राहतो. घरामागे शेवटचा प्लॉट, त्यावर एक टिनाची शेड, आणि शेडपासून थेट उन्हाळी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. वादळ आलं की मी तिथं जाऊन उभी राहते. बाईमाणसानं रात्री कॅमेरा घेऊन वावरात जाऊ नये, असं सांगणारे पुष्कळ भेटले. सांगोत बापडे.

लोकांना वाटतं, वीज चमकली की झटकन बटण दाबायचं. अशी वीज आजवर कोणाच्या बापाला सापडली नाही. अंधारात शटर अर्धा मिनिट उघडं ठेवायचं आणि गप उभं राहायचं. आम्ही त्याला लाँग एक्स्पोजर म्हणतो. तेवढ्या वेळात जितक्या विजा चमकतील, त्यांच्या उजेडात जे जे दिसेल, ते सगळं एकाच फोटोत एकावर एक छापलं जातं.

शटर बंद झालं तसा मी ट्रायपॉडसकट कॅमेरा उचलला आणि आम्ही दोघं शेडच्या भिंतीला चिकटलो. लिंबाएवढ्या गारा होत्या. एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

मग एकाएकी थांबलं. आभाळ पुढच्या कामठा गावाकडं सरकलं. गावाची लाईट गेलेली होती. ना बेडूक, ना कुत्रं. बांध्या पांढऱ्याफेक पडल्या होत्या आणि त्यांच्यावरून धुकं उठत होतं. चिरडलेल्या धानाचा हिरवा वास नाकात बसला. खरं सांगते, मला त्या शांततेची भीती वाटली. अंधारातून कोणीतरी आपल्याकडं पाहतंय, असं सारखं वाटत होतं.

मी स्क्रीनवर फोटो पाहिला. वीज झकास आली होती. खाली धुऱ्यावर, म्हणजे दोन बांध्यांमधल्या मातीच्या पाळीवर, तीन माणसं उभी होती.

फोटो मोठा केला. तिघांच्या डोक्यावर पांढरा दुपट्टा, तिघांना चेहरा नाही. त्यांच्या छातीतून मागचं पळसाचं झाड आरपार दिसत होतं. आणि तिसऱ्याला कमरेखाली काहीच नव्हतं.

"चकवा होय," हे पुटपुटले. चकवा म्हणजे रात्री माणसाला वावरात गोल गोल फिरवणारं भूत. आणि माझ्या मागं सरकले.

तेवढ्यात फोन वाजला. ज्या पेपरला मी अधूनमधून फोटो देते, तिथले डेस्कवरचे साहेब.

"मॅडम, पान थांबवलंय. वीज मिळाली का?"

"मिळाली. पण खाली तीन माणसं आहेत. एकाला पाय नाहीत."

साहेब म्हणाले, "अरे वा! तोच पाठवा!"

मी काही बोलणार, इतक्यात एक टॉर्च हलत हलत शेडकडं आली. शेजारच्या तुरकर मामी होत्या. डोक्यावर घमेलं उलटं धरलेलं. "बाई, तुये मामा दिसले का वो? मोटर बंद कराले गेले, आले नाईत. फोन लागत नाई."

"मामी, डोक्यावर काय होतं त्यांच्या?"

"दुपट्टा. पांढरा. काऊन?"

मी फोटो पुन्हा पाहिला. तीन माणसं नव्हतीच. एक माणूस होता, आणि विजा तीन चमकल्या होत्या. पहिल्या विजेला मामा धुऱ्याच्या मोटरखोलीकडच्या टोकाला, दुसरीला धुऱ्याच्या मधोमध, आणि तिसरीला कमरेपासून वर तेवढे. पाय नव्हते असं नाही, पाय धुऱ्याच्या खाली गेले होते. त्या जागी बोडी आहे, म्हणजे शेतातलं लहान तळं. उन्हाळ्यात तिथं पाण्यापेक्षा गाळच जास्त.

मी फोन कापला, कॅमेरा शेडमध्ये ठेवला आणि ट्रायपॉड काठीसारखा हातात घेऊन धावले; हे आणि मामी माझ्या मागं. चपलांखाली गारा कचाकचा फुटत होत्या. बोडीच्या काठावर उभी राहून मी ओरडले, "मामा!"

काही नाही. काळं पाणी, त्यावर तरंगणाऱ्या गारा.

"मामा!"

काहीच नाही.

"इथं नाईत," हे म्हणाले. "मोटरकडं पाहू." मी वळलेसुद्धा.

मामी मात्र जागच्या हलल्या नाहीत. नवऱ्याचं नाव काही त्यांनी घेतलं नाही. नुसत्या जीव तोडून ओरडल्या, "अवो, आयकता काऽऽ!"

"ओ..."

आवाज आमच्या पायाखालून आला. काठाला बेशरमाची झुडपं होती, त्यांच्या आड मामा कमरेपर्यंत गाळात रुतले होते. डोकं फुटलेलं, ओठ निळे. चकव्याला घाबरणारे आमचे हेच आधी खाली उतरले. मामांच्या हातात ट्रायपॉड दिला आणि तिघांनी मिळून ओढलं. ट्रायपॉड गेला, मामा आले.

"मेल्यावानी बसले होते!" मामी रडत रडत त्यांच्यावर तुटून पडल्या. "हाका आयकू येत नव्हत्या का? ओ काऊन नाई देली?"

"दोनच हाका आल्या ना," मामा दात वाजवत म्हणाले. "बत्ती हालून राहिली होती, बाईचा आवाज होता. मले वाटलं, चकवाच बोलावून राहिला. रातच्या पयल्या दोन हाकेले ओ देऊ नये. त्याले तिसरी हाक मारता येत नाई."

म्हणजे मी मामांना फोटोत भूत म्हणून पाहत होते, आणि मामा गाळातून मला.

दवाखान्यात टाके घालून झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, त्या गार पाण्यात आणखी थोडा वेळ राहिले असते तर अवघड होतं. साहेबांचा पुन्हा फोन आला. "मॅडम, भूत पाठवताय ना?"

"भुताच्या डोक्याला टाके पडलेत," मी म्हटलं. "नुसती वीज चालत असेल तर पाठवते." चालली.

मी दोन हाका मारून वळले होते, हे अजून आठवलं की हातपाय गार पडतात. आमच्याकडं रात्री कोणाला शोधायला निघालात, तर टॉर्च नसली तरी चालेल. हाक मात्र तीनदा मारा.