साडूच्या नाकावर टिच्चून

साडूचं नाव काढलं की फरशीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांनाही जुन्या गाड्यांचं वेड, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या गाडीतली खोट आधी दिसायची. साडूचं औषधांचं दुकान होतं. ‘गोळ्या विकून विकून माणूस कडू झालाय,’ असं फरशीवाला चारचौघांत म्हणे, आणि ते साडूच्या कानावर जाईल याची काळजीही घेई.

फरशीवाल्याच्या शेडमध्ये तीन गाड्या होत्या आणि चौथ्या, आखूड गाडीपुरती जागा. तिघींतली छोटी निळी बायकोची. लग्नानंतर भंगारातून आणून दोघांनी सुट्टीच्या दिवशी घासून, रंगवून तिला उभी केली होती. सीटांची कव्हरं बायकोनं शिवली, गाडी चालवायलाही ती हिच्यावरच शिकली. बाकीच्या तुमच्या, ही माझी, असं तिनं बजावून ठेवलं होतं.

चौथी म्हणून एक लाल, दोन दारांची गाडी त्याच्या मनात भरली होती. इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, जागेत अगदी चपखल. शहाण्या माणसानं ती घेऊन गप्प बसावं. पण मध्येच साडूकडे जेवायला जाणं झालं आणि शहाणपण तिथेच राहिलं.

साडूनं फोनवर फोटो दाखवला. लांबलचक काळी गाडी, नुसतं बॉनेटच खाटेएवढं.

“घेईन तर हीच,” साडू म्हणाला. “तुम्ही मात्र नादी लागू नका, साडूभाऊ. तुमच्या शेडला झेपायची नाही.”

झालं! फरशीवाल्याला रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी जाऊन त्यानं काळीचा सौदा पक्का केला. तिला नीट चालवून पाहण्याचंही भान राहिलं नाही. साडूचं तोंड कसं पडेल, एवढंच डोळ्यांपुढे. ती शेडमध्ये बसेना, तेव्हा बायको शाळेत शिकवायला गेलेली पाहून त्यानं निळी दलालाच्या हवाली केली.

संध्याकाळी बायको शेडच्या दारात थबकली.

“निळी कुठंय?”

“गेली. जागा नव्हती. आणि तिच्यात राहिलं होतं काय?”

ती वळून घरात गेली. थोडक्यात निभावलं म्हणून मूर्ख खूश झाला.

रविवारी बायकोला काळीत बसवून तो मुद्दाम साडूकडे गेला. अरुंद गल्लीत गाडी कशीबशी घातली, हॉर्न दाबला. साडू फाटकात आला. त्याच्यामागे अंगणात निळी उभी होती, धुऊनपुसून लख्ख.

“किती वर्षं डोळा होता हिच्यावर,” साडू म्हणाला. “पण मी मागितली असती तर तुम्ही मेलात तरी दिली नसती. म्हटलं, काळीचं कौतुक करून बघू. तिला जागा करायला तुम्ही निळीच काढणार, आणि दलाल आपल्या ओळखीचा.”

“फसवलंत मला!” फरशीवाला किंचाळला. “नीच आहात तुम्ही!”

“ते नीच असतील,” बायको दार उघडून उतरत म्हणाली. “पण माझी गाडी त्यांनी नाही विकली.”

तिची बहीण किल्ली घेऊन बाहेर आलीच होती. बायकोनं ती तिच्या हातातून घेतली आणि निळीत जाऊन बसली. बहीण शेजारी बसली.

“अहो, गाडी काढा वाटेतून,” बायकोनं काच खाली करून फरशीवाल्याला सांगितलं. “आम्हाला जायचंय.”

“कुठे?”

“तुम्हाला काय करायचंय?”

काळी त्या गल्लीत वळणं शक्यच नव्हतं. मागे घ्यायची, तर मागच्या काचेतून काही दिसेना. एका बाजूला भिंत, दुसरीकडे गटार. निळीचा हॉर्न वाजू लागला. साडू शांतपणे चालत गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, त्यानं हात वर केला, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला,

“येऊ द्या साडूभाऊ, येऊ द्या! मी आहे ना!”

फरशीवाल्यानं दात ओठ खात रिव्हर्स टाकला आणि साडू सांगेल तसं स्टिअरिंग फिरवत राहिला.