बटण तर दाबायचं असतं!

प्रत्येक फोटो स्टुडिओत एक खण असतो. लोकांनी हौसेने काढून घेतलेले आणि न्यायला विसरलेले फोटो त्यात साठत जातात. कुणाची बदली झालेली असते, कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणी नुसताच विसराळू असतो. फोटोग्राफरला ते फेकवत नाहीत आणि ज्याचे असतात तो फिरकत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. घडतात एकाच्या आयुष्यात आणि साठतात भलत्याच्याच खणात!

माझ्या खणात योहान साळवेच्या स्टुडिओतले साठले आहेत. मी त्या स्टुडिओचा ना मालक, ना नोकर. नगरमधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि नव्वदच्या दशकात रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं, की सावेडी रस्त्यावरच्या योहानच्या बाकावर जाऊन बसत होतो. दिवसभर एका खुर्चीत बसून दमलेल्या माणसाला बसायला दुसरी जागा लागतेच.

योहानचा धंदा वडिलांपासूनचा. हात सोन्याचा, पण दिवस फिरले होते. घरोघरी ऑटोमॅटिक कॅमेरे आले होते आणि जो तो म्हणायचा, "साळवे, त्यात काय एवढं? बटण तर दाबायचं असतं!"

योहानची बायको, सुनीतावहिनी, शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या भावाची पुण्यात कलर लॅब होती. दर रविवारी चर्चमधून आल्यावर त्यांचा एकच विषय असायचा. "गाळा भाड्याने द्या आणि दादाच्या लॅबमध्ये लागा. फोटो मशीन धुतं. तुम्ही फक्त पाकिटात घालायचे."

योहान म्हणायचा, "पाकिटात घालायला मी कशाला? भाऊसाहेबांना पाठव. त्यांना सवय आहे!"

भाऊसाहेब म्हणजे मी.

* * *

एकदा पाथर्डीकडचे एक आजोबा आले. बँकेच्या पासबुकासाठी फोटो हवा होता. अंगावर कडक इस्त्रीचा सदरा, करवतकाठी धोतर, पायांत नव्या कोऱ्या करकरणाऱ्या वहाणा. योहानने त्यांना स्टुलावर बसवलं, फेटा सरळ केला, दिवा जरा बाजूला घेतला आणि फोटो काढला. उत्तम आला होता. डोळ्यांत चमक, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा!

दोन दिवसांनी आजोबा फोटो न्यायला आले. पालथा करून पाहिला, उलटा करून पाहिला.

"बाकीचा कुठं हाय?"

"बाकीचा म्हणजे?"

"धोतार! वहाना!"

योहानने समजावलं, "आजोबा, पासबुकाला छातीपर्यंतच लागतो."

आजोबांनी शांतपणे फोटो खिशात घातला आणि म्हणाले, "मंग आधी सांगायचं न्हाई? त्या वहाना मी जावयाच्या घालून आल्तो. लई चावल्या!"

* * *

आता माझीच फजिती सांगतो, म्हणजे दुसऱ्यांना हसायचा परवाना मिळेल.

मीही एक कॅमेरा घेतला. योहानला न विचारता घेतला, कारण विचारलं असतं तर त्याने घेऊ दिला नसता. पुतणीच्या साखरपुड्यात योहानला बोलावू नका, मी आहे, असं जाहीर केलं आणि सकाळपासून जो सुटलो तो थेट पंगतीपर्यंत! छत्तिसाचा रोल होता. छत्तीस झाले, सदतीस झाले, कॅमेरा थांबेना. चाळिसावा निघाला तेव्हा मी सगळ्यांना अभिमानाने सांगितलं, "कंपनी प्रामाणिक आहे. वर चार दिले!"

संध्याकाळी योहानला हेच सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"भाऊसाहेब, छत्तिसाच्या रोलवर चाळिसावा फोटो निघाला, की माणसाने आनंद मानायचा नसतो. घाम पुसायचा असतो."

रोल आत अडकलाच नव्हता. आकडा पुढे जात होता, फिल्म जागच्या जागी. मला एकदम ऑफिसची आठवण झाली. रजिस्टरमध्ये फाईल चार टेबलं पुढे गेलेली असते आणि प्रत्यक्षात माझ्याच कपाटात असते!

त्या दिवसापासून योहानने मला शिकवायला घेतलं. रोल भरल्यावर दुसऱ्या बाजूची चकती फिरते का बघायचं. उन्हाकडे तोंड करून माणसाला उभं करायचं नाही. तो डोळे मिटतो आणि दोष आपल्याला देतो. आणि माणसाला 'हसा' म्हणायचं नाही.

"का?" मी विचारलं.

"तुमचे साहेब 'हसा' म्हणाले, तर तुम्ही कसे हसता?"

मला पटलं.

* * *

घोडेगावच्या बाजाराकडचे रंभाजी नावाचे एक शेतकरी होते. त्यांना बैल विकायचा होता. गिऱ्हाईक संगमनेरचं. त्याने निरोप धाडला होता, की आधी फोटो दाखवा, मग येतो. रंभाजींच्या मेव्हण्याने ऑटोमॅटिक कॅमेऱ्याने काढलेला फोटो मी पाहिला आहे. पुढे मेव्हण्याची सावली, मागे विजेचा खांब आणि मधोमध एक शेळीएवढं जनावर. गिऱ्हाइकाने कळवलं, "गोऱ्हा नको, बैल पाहिजे."

म्हणून योहान स्कूटरवरून गेला आणि मीही मागे बसून गेलो. योहानने आधी तासभर काहीच केलं नाही. नुसता बैलाभोवती फिरला. रंभाजी माझ्या कानात म्हणाले, "ह्ये काढनार हायेत, का इकत घेनार हायेत?"

ऊन कललं, तसा योहान मातीत गुडघे टेकून बसला. बैलाच्या ओळखीच्या माणसाला हाक मारायला लावलं. बैलाने मान वर केली, कान टवकारले, आणि योहानने एकच फोटो काढला. एकच!

"बास?" रंभाजी म्हणाले. "येवड्या लांबून येऊन येकच?"

"बैलही एकच आहे," योहान म्हणाला.

आठवड्याने रंभाजी फोटो न्यायला आले. मोठा करून, काचेच्या चौकटीत बसवून ठेवलेला होता. मागे आभाळ, खाली जमीन आणि मधे डोंगरासारखा तो बैल. रंभाजी बराच वेळ बघत उभे राहिले. मग उपरण्याच्या टोकाने काच पुसली. काच स्वच्छच होती.

"कधी येतंय गिऱ्हाईक?" मी विचारलं.

"कशाला येतंय?" रंभाजी डाफरले. "असला बैल कुनी इकतं व्हय!"

* * *

लग्नात फोटो काढणाऱ्यांची एक रीत असते, ती मला फार उशिरा कळली. आहेर द्यायला रांग लागते आणि प्रत्येकाला नवरा-नवरीबरोबर फोटो हवा असतो. रोल किती पुरणार? म्हणून फोटोग्राफर काहींसाठी नुसतंच फ्लॅशचं बटण दाबतो. लखकन उजेड पडतो, पाहुणा खूश होऊन उतरतो, आणि आत फिल्म जिथल्या तिथे. याला ते 'कोरा फ्लॅश' म्हणतात.

हे समजल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. ऑफिसातल्या किती तरी जणांच्या घरच्या लग्नांत, योहानच फोटो काढत असताना, मी सफारी घालून स्टेजवर चढलो होतो. एकाही अल्बममध्ये मी नव्हतो!

"योहान, मला कोरा देत होतास?"

"हो."

"मी तुझा मित्र आहे रे!"

"म्हणूनच. पाहुण्यांना दिला तर ते भांडायला येतात. तुम्ही आलात तरी चहाच पिता."

* * *

मग दशक संपता संपता सावेडीतल्या एका बंगल्याच्या वास्तुशांतीला यजमानांचा अमेरिकेतला भाचा आला. त्याच्याकडे फिल्म नसलेला कॅमेरा होता. फोटो काढला की मागच्या छोट्या काचेवर लगेच दिसायचा आणि आत घातलेल्या फ्लॉपीवर साठायचा. यजमानांनी योहानला आधी बोलावून ठेवलं होतं. भाचा आल्यावर म्हणाले, "साळवे, आता तुम्ही आरामात बसा. जेवून जा."

फोटोग्राफरला 'जेवून जा' म्हणणं म्हणजे काय, ते फोटोग्राफरलाच विचारा.

भाच्याने एक फोटो काढला आणि काय सांगू, सगळा बंगला त्याच्या पाठीमागे गोळा झाला! काचेत बघायला. भटजीसुद्धा उठून आले. भाचा पुढचा फोटो काढायला वळला, तर समोर कुणीच नाही, फक्त होमकुंड. सगळे कॅमेऱ्याच्या मागे. तो पुन्हा वळला, माणसंही त्याच्याबरोबर वळली. अर्धा तास तो भाचा स्वतःभोवती फिरत होता.

"काका, सोपं आहे," तो योहानला म्हणाला. "आधी काढायचा, मग बघायचा. आवडला नाही तर पुसून टाकायचा."

"आमच्यात उलटं आहे," योहान म्हणाला. "आधी बघायचं, मग काढायचा."

भाचा हसला. चांगला मुलगा होता. पण परत येताना योहानने मला मागे बसवून स्कूटर थेट स्टुडिओवर आणली. स्टुडिओचं शटर वर करून म्हणाला, "भाऊसाहेब, सुनीताचं बरोबर आहे. गाळा देऊन टाकतो."

मी त्या दिवशी चहा प्यायलो नाही.

* * *

गाळा हवा होता पोपट कराळेला. त्याला एसटीडी बूथ टाकायचा होता. पस्तिशीचा, कष्टाळू, सरळ माणूस. फक्त कान जरा मोकळे सुटलेले आणि चेहऱ्यावर कायम कुणी तरी आत्ताच रागावल्याचा भाव. बोलणी झाली. एक तारखेपासून जागा त्याची. सुतार येऊन केबिनचं माप घेऊन गेला. वहिनींनी पुण्याला भावाला कळवलं. स्टुडिओतला पडदा, स्टूल, दिवे एका कोपऱ्यात रचून झाले.

आणि पोपट पुन्हा आला. बूथच्या अर्जाला फोटो लागत होता!

"कसाबी काढा साळवे," तो म्हणाला. "तोंड दिसलं म्हंजे झालं. बटन तर दाबायचं."

मी योहानला बाजूला घेतलं. म्हटलं, "वाकडा काढ. अर्ज परत आला पाहिजे."

योहानने माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, तुम्ही कधी कुणाची फाईल मुद्दाम अडवली आहे?"

मी विषय बदलला.

योहानने रचलेले दिवे पुन्हा काढले, पडदा लावला. पोपटला स्टुलावर जरा तिरपा बसवला, म्हणजे एक कान आपोआप पलीकडे गेला. मग कॅमेरा सोडून गप्पाच मारायला लागला. आई कशी आहे, गुडघे दुखतात का, अजून भाकरी तीच करते का. पोपट सांगत गेला. आईने परवा मांजराला कसं लाटणं फेकून मारलं आणि ते कसं याच्याच कपाळाला लागलं, हे सांगताना त्याचा चेहरा एकदम उघडला. टिक!

पोपट फोटो न्यायला आला, तेव्हा मी तिथेच होतो. त्याने पाकीट उघडलं आणि म्हणाला, "दुसऱ्याचं दिलं वाटतं."

"तुमचाच आहे," योहान म्हणाला.

पोपट आरशापाशी गेला, फोटो शेजारी धरला, परत आला. "आनखी चार कॉप्या द्या," एवढंच म्हणाला.

त्यातली एक टेलिफोनवाल्यांकडे गेली. एक त्याच्या आईने स्थळं सुचवणाऱ्या मध्यस्थाकडे दिली. आजवर आठ-दहा ठिकाणांहून नकार आला होता. या वेळी कोल्हारहून चक्क होकाराचा निरोप आला, मुलगी बघायला या म्हणून. पोपटला वडील नव्हते, आणि माझ्या बाकावर आता फार दिवस बसायला मिळणार नव्हतंच. "भाऊसाहेब, वडीलधारं मानूस म्हनून चला," तो म्हणाला, आणि मी, पोपट आणि त्याची आई असे तिघे कोल्हारला गेलो. महिना संपायला पाच दिवस राहिले होते.

घर साधं, नीटनेटकं. मुलगी तिथल्याच शाळेत शिक्षिका होती. पोहे आले. तीही येऊन बसली. तिच्या हातात पोपटचा फोटो होता आणि पोपटच्या खिशात तिचा. तिने फोटोकडे पाहिलं, मग पोपटकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. पोपटनेही हळूच खिशातून तिचा फोटो काढला आणि तेच केलं. फोटोतल्या माणसांचं समोरच्या माणसांशी नातं होतं, पण जरा लांबचं.

पोपटच्या आईने पदर सावरला. मी पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढायला लागलो.

शेवटी मुलीने विचारलं, "फोटो कुठे काढलात?"

पोपट घाबरत म्हणाला, "नगरला. साळव्यांकडं."



"माझाही तिथलाच," ती म्हणाली.

आणि ती जी हसायला लागली, ती थांबेचना. पोपट आधी कावराबावरा झाला, मग तोही हसायला लागला. दोन्ही कान, सगळं तोंड, सगळा माणूस हसत होता. तिने फोटो खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

पोपट माझ्या कानाशी वाकला.

"भाऊसाहेब, साळव्यांना सांगा, त्यो गाळा मला नको."