संसार एक, चुली दोन

दिवेलागणीला दाराची बेल वाजली की कुमुदकाकू स्वयंपाकघरातूनच ओरडत, "कोण आहे?" बाहेरून उत्तर येई, "पाहुणा!" हा पाहुणा म्हणजे त्यांचे सख्खे यजमान, दोन रस्ते पलीकडे राहणारे अण्णाकाका.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात मी काकूंच्या शेजारी राहायला आले, तेव्हा मला वाटलं, दोघांचं बिनसलंय. तसं काहीच नव्हतं. काका पहाटे उठून मोठ्या आवाजात बातम्या लावत आणि हीटर बंद करत. काकूंना दोन्ही सोसेना. रिटायर झाल्यावर त्यांनी लायब्ररीतल्या नोकरीत साठवलेल्या पैशांतून हे छोटं घर घेतलं. एकटीच्या नावावर झालेली ही त्यांची पहिली वस्तू. मुलगी फोनवर रडकुंडीला आली, "आई, आर यू गाइज स्प्लिटिंग?" काकू म्हणाल्या, "छे गं! संसार एकच आहे, चुली दोन केल्यात. भांडी कमी आपटतात."

इथे राहत्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सवर सवलत मिळते, पण ती नवरा-बायकोला मिळून एकाच घरावर. या दोघांनी भाबडेपणाने दोन्ही घरांवर घेतली होती. टॅक्स ऑफिसातून बोलावणं आलं तेव्हा मीच त्यांना ड्राइव्ह करून घेऊन गेले.

खिडकीतली बाई भली होती. तिने हळूच विचारलं, तुम्ही सेपरेटेड आहात का? तसं असेल तर काही मार्ग निघेल.

"सेपरेटेड?" काकू कडाडल्या. "नो, नो! एव्हरी डे ही इज ईटिंग माय पोळी-भाजी!"

मग सवलतीसाठी एकच घर ठेवा, बाई म्हणाली. तुमचं मुख्य घर कोणतं?

काकूंचा चेहरा उतरला. मोठं घर काकांचं, मुलं तिथे वाढलेली. आपलं घर आता कागदोपत्री जादाचं ठरणार, हे त्यांना फार लागलं. मला फार वाईट वाटलं. तरी त्या मला म्हणाल्या, "सांग तिला, ह्यांचंच लिही."

"काही नको, हिचं लिहा," काका मध्येच म्हणाले. मग काकूंकडे वळून, "कुमुद, संध्याकाळी जॅकेट चढवताना मी रोज काय म्हणतो, माहितीय? चला, घरी जाऊ या. तिकडे मी नुसता झोपायला जातो."

परतताना गाडीत काकूंनी पर्समधून आपल्या घराची जादा किल्ली काढून काकांच्या हातात ठेवली. इतकी वर्षं, पाहुण्याला कोणी किल्ली देतं का, म्हणून त्यांनी ती दिली नव्हती.

पुढे माझी नोकरी दूर सांता क्लारा शहरात हलली. निरोपाचं जेवण काकूंकडेच होतं. पानं घेत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दार मीच उघडलं. काका उभे होते आणि किल्ली त्यांच्या हातातच होती.

"काका, किल्ली असून बेल?"

"किल्लीने उघडलं तर," ते हळू आवाजात म्हणाले, "'कोण आहे' म्हणून विचारणार कोण?"

आतून काकूंचा आवाज आलाच, "कोण आहे?"